एसटीतले आमदार, एवढीच ओळख? (गणपतराव देशमुख आणि सांगोला)

माणगंगा

भाच्याला शाळेत प्रकल्प दिलाय: आपल्या भागातल्या एका आमदाराची माहिती लिहा. मी लगेच सांगितलं, आपल्या सांगोल्याच्या (जि. सोलापूर) गणपतराव देशमुखांची लिही. त्याने मोबाइलवर शोधून अर्ध्या तासात पान भरून आणलं. पानात तीन गोष्टी होत्या. एसटीने फिरायचे. साधे राहायचे. अकरा वेळा निवडून आले.

यातलं काहीच खोटं नाही, पण मला ते पान वाचून फार वाईट वाटलं. एसटीने तर आमच्या गावातली निम्मी माणसं फिरतात. माणूस पन्नासएक वर्षं विधानसभेत बसला, त्यातली बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर, आणि मागे उरलं काय तर लाल गाडीतला एक फोटो! त्यांनी केलं काय, हे निदान आपण तालुक्यातल्या लोकांनी तरी लिहून ठेवावं म्हणून हा धागा काढतेय.

मला पक्कं माहीत आहे ते आधी मांडते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. म्हणजे ते मूळचे सांगोल्याचे नव्हेत, हे आता बऱ्याच जणांच्या ध्यानातही नसतं. शिकून वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आले आणि १९६२ साली सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री होते. १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. २०१९ ची निवडणूक लढवली नाही. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले, नव्वदी कधीच ओलांडली होती. सारी हयात एकच पक्ष आणि एकच मतदारसंघ.

आमच्या घरात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. आजीसाठी आबासाहेब, वडिलांसाठी आबा, आणि पक्षातल्या काकांसाठी भाई. पुढचं तुम्ही सांगा.

जिरायती

छान धागा. आमच्याकडंही आबासाहेबच. अकरा वेळा सलग निवडून येणारा दुसरा आमदार देशात झाला नाही, हे भाच्याच्या पानात ठळक अक्षरात यायला हवं.

तळटीप

जिरायती, राग मानू नका, पण शाळेच्या वहीत जाणार आहे म्हणून दुरुस्ती करतो.

अकरा बरोबर, सलग नाही. १९७२ साली काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं आणि १९९५ साली शहाजीबापू पाटलांनी. सार्वत्रिक निवडणुका मोजत बसलात तर हिशेबही लागत नाही: १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. झाल्या दहा. अकरावी म्हणजे १९७४ ची पोटनिवडणूक, ती बहुतेक जण विसरतात. पडताळा घ्यायचा तर १९७७ साली ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७२ ला पडलेला माणूस मधे निवडून आल्याशिवाय त्या खुर्चीवर बसेल कसा?

देशातल्या विक्रमाचं म्हणाल तर तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा निवडून आले, एकदाही पडले नाहीत, फक्त मतदारसंघ बदलत गेले. केरळात के. एम. मणी एकट्या पालामधून १३ वेळा. त्यामुळे ‘देशात एकमेव’ असं लिहू नका. मला विचाराल तर दोनदा पडून परत येणं ही जास्त मोठी गोष्ट आहे. पडल्यावर पक्ष बदलायचे रस्ते तेव्हाही उघडे होते.

जिरायती

दुरुस्ती मान्य. १९७४ चं खरंच ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

पेणकर

मी रायगडचा. आमच्याकडे शेकाप म्हणजे घरातला पक्ष, म्हणून थोडं पक्षाविषयी.

१९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. खेड्यातल्या कष्टकरी बहुजनांचा, मार्क्सवाद मानणारा, पण दिल्ली-मॉस्कोकडे न बघता इथल्या मातीतून निघालेला असा हा पक्ष. पुढे खुद्द जेधे आणि मोरेच काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या, म्हणजे विरोधकांनाही काँग्रेसमध्ये ओढून घ्यायच्या राजकारणात खेडोपाडीचे किती कार्यकर्ते गेले याची गणती नाही. सहकारी कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद, सगळी सत्ता तिकडेच होती. जो राहिला तो काहीतरी सोडून राहिला.

उद्धवराव पाटील, कृष्णराव धुळप, एन. डी. पाटील आणि आमचे दत्ता पाटील हे सगळे राहिले त्यांच्यातले. गणपतराव त्याच फळीतले, आणि विधानसभेत टिकलेले त्या फळीतले शेवटचे.

पक्षाचं बळ बघा. १९६७ ला १९ आमदार. १९७८ ला १३. १९९९ ला ५. २०१४ ला ३. पक्ष आटत गेला, माणूस तिथेच बसून. १९ जणांच्या गटात भाषणाला वेळ मिळतो, तिघांच्या गटाला मिळेलच असं नाही. अशा वेळी सभागृहात वजन ठेवायचं तर विषय पाठ लागतो. आमचे जुने लोक सांगायचे, गणपतराव उभे राहिले की सत्ताधारी बाकांवरचेही ऐकायचे.

खिलारी

मी सूतगिरणीचं सांगतो, कारण आमचं घर गिरणीवर चाललंय.

सांगोला तालुक्यात कापूस पिकत न्हाय. तरीबी हितं शेतकरी सहकारी सूतगिरणी हाय, आन ती चालती. पयल्यांदा ऐकणाऱ्याला ही चूक वाटती. कापूस लांबनं आणायचा, हितं सूत काढायचं आन विकायचं. हे परवडायचं तर गिरणीत चोरी नको, भरमसाट भरती नको, आन वेळच्या वेळी कर्जाचा हप्ता गेला पायजे. राज्यात कापूस पिकणाऱ्या भागातल्या किती सहकारी गिरण्या बंद पडल्या, यंत्रं भंगारात गेली, ते सगळ्यांनी बघितलंय.

आमचे वडील कताई खात्यात होते. पाळीला सायकलनं जायचे. दुष्काळात आमच्या भावकीतली माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडं जायची, बैलगाडीवर सगळा संसार बांधून. आमचं घर गेलं न्हाय, कारण महिन्याचा पगार होता. माझी शाळा सुटली न्हाय, त्येचं कारण त्यो पगार. मला आबासाहेब म्हणजे गिरणीचा भोंगा.

नंतर बायांची वेगळी सूतगिरणीबी झाली.

तळटीप

खिलारी, एक जोड देतो. सहकारी सूतगिरणीचं भांडवल आपल्याकडे साधारण ५:४५:५० या प्रमाणात उभं राहत आलं: सभासदांचे ५, सरकारचे ४५, कर्जाचे ५०. शेतकऱ्याचा स्वतःचा पैसा थोडा असल्याने गिरणी बुडाली तरी संचालकांना चटका बसत नाही, म्हणूनच इतक्या बुडाल्या. तुमच्याकडची टिकली ती नियमामुळे नव्हे, चालवणाऱ्यांमुळे.

सावली

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं बोलते. मी मंगळवेढ्याकडची, तुमची शेजारीण.

१९६२ ते २०१९. एवढ्या काळात सांगोल्याचं पाणी का आलं नाही? टँकर, चारा छावण्या, ऊसतोड हे सगळं त्यांच्याच काळात चालू होतं. तत्त्वाने विरोधात बसायचं हे त्यांच्यासाठी ठीक, पण त्याची किंमत कुणी मोजली? सत्तेतला आमदार असता तर पाट लवकर आला असता, असं माझे वडील नेहमी म्हणायचे. साधेपणा आणि निष्ठा यांचं कौतुक करताना हा प्रश्न टाळू नये.

माणगंगा

सावली, टाळायचाच नाही. माझ्या घरातही यावर भांडणं झालीत.

माझं उत्तर असं आहे. कृष्णेच्या पाण्याचा वाटा राज्याराज्यांतल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने ठरवून दिला आणि तो वापरायला मुदत होती ३१ मे २००० पर्यंत. तोवर महाराष्ट्राने धरणं बांधली नाहीत तर पाणी हातचं जाईल ही भीती होती. सत्तेतले आमदार सांगली-साताऱ्यात कमी होते का? तरी आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव कोरडेच राहिले. म्हणजे सत्ता असली की पाणी येतं असं दिसत नाही. पाणी नदीकाठच्या उसाला जात होतं, कारण तिथे कारखाने होते आणि कारखान्यांमागे माणसं.

हे तोडायला १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब. तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं एका मांडवात. मागणी नुसती ‘पाणी द्या’ एवढी नव्हती. समान वाटप हवं होतं, जमीन कितीही असो, घरटी पाणी. मी लहान होते. गावातून ट्रक भरून माणसं गेलेली आठवतात, आणि परत आल्यावर चुलत्यांचा बसलेला घसा.

आता तारखा बघा. १९९५ ला आबासाहेब पडले. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं, त्याच वर्षी आमच्याकडे कृष्णेचं पाणी आणणाऱ्या टेंभू योजनेला मान्यता मिळाली. म्हणजे ज्या चार वर्षांत आमच्या पाण्याचे कागद हलले, त्या चार वर्षांत ते आमदारच नव्हते! श्रेय तेव्हाच्या शिवसेना-भाजप युती सरकारला द्यायचं ते द्यावंच. पण मागणी रस्त्यावरून रेटली गेली होती, आणि ते पडले म्हणून परिषदा थांबल्या नाहीत.

तरीही तुझ्या वडिलांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. आमच्या आजीने डोक्यावर पाणी वाहिलं, आईनेही वाहिलं. दोन पिढ्या.

पाटकरी

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली माझी, आता निवृत्त. पाणी का उशिरा येतं ते सांगतो, कारण यात आमदार आणि सरकार यांच्याइतकाच चढाचा भाग आहे.

टेंभू हे कराडजवळचं कृष्णाकाठचं गाव. तिथून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवायचं, मग कालव्याने पुढे. कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोला येतो शेवटाला. ज्याने कालव्यावर काम केलंय त्याला ‘शेवटाला’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वरचा शेतकरी रात्री दार उचलतो, मधले गाव पाइप टाकतं, आणि पुच्छभागात ओल तेवढी पोचते. म्हैसाळ उपसा योजनेचंही तसंच. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटालाही सांगोलाच. एक तालुका, तीन योजना, आणि तिन्हींचं शेपूट!

त्यात विजेचं बिल. उपसा योजनेचं पाणी फुकट वाहत येत नाही. बिल थकलं की पंप बंद, आणि मग ऐन उन्हाळ्यात कालवा कोरडा. पुढे ८१:१९ चं सूत्र आलं, ८१ टक्के बिल सरकारने भरायचं आणि १९ टक्के लाभधारकांनी, तेव्हा जरा श्वास घेता आला.

अशा शेपटाच्या तालुक्याला असा आमदार लागतो जो प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडायच्या प्रत्येक पाळीला, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उठून विचारेल, आमच्या वाट्याचं पाणी कुठे मुरलं. एकदा विचारून भागत नाही. दर हंगामाला तेच विचारायचं, अधिकारी बदलले की नव्याला पहिल्यापासून सांगायचं. या कामाचा फोटो निघत नाही. आमच्या खात्यात सांगोल्याच्या पत्राला उत्तर लिहिताना मागची फाइल काढून बसावं लागायचं, कारण समोरच्याला मागची सगळी उत्तरं माहीत असायची.

वकीलबाई

पाटकरींच्या बोलण्याला धरून. विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत मी अभ्यासासाठी वाचत असते.

आमदाराचं काम म्हणजे रस्ते, समाजमंदिर आणि लग्नाला हजेरी असं आता सगळ्यांनीच धरून चाललंय. मुळात त्याचं काम तीन गोष्टींचं: कायदा करणं, सरकारच्या खर्चावर नजर ठेवणं, आणि प्रश्न विचारणं. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा उपप्रश्नात. छापील उत्तर सचिव लिहून देतात. उपप्रश्नाला मंत्री एकटा असतो. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना दिली की मंत्र्याला निवेदन करावं लागतं. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे हा खर्च कमी करा अशी सूचना, देता येते. ही सगळी हत्यारं विरोधी आमदाराच्या हातात असतात, पण वापरायची तर रात्री कागद वाचावे लागतात.

रोजगार हमीचंच घ्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांमधून ती योजना उभी राहिली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगारातून कापला जातो तो. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. हा कायदा होताना विरोधी बाकांवर जे होते, त्यांच्यातला एक जण वीस-बावीस वर्षांनी त्याच खात्याचा मंत्री होतो, याचं मला अप्रूप वाटतं. दुष्काळी तालुक्याच्या माणसाकडे ते खातं गेलं हे योग्यच झालं.

खिलारी

वकीलबाई, रोजगार हमी म्हणजे आमच्याकडं नुसती खडी न्हाय बरं का. १९९० पासनं रोहयोतनं फळबाग लावायची योजना आली. खड्डा काढायला, रोप लावायला, जगवायला सरकारचा पैसा. आमच्या मुरमाड रानात ज्वारीबी धड येत नव्हती, तितं डाळिंब आलं. डाळिंबाला पाणी कमी, ऊन जास्त, जमीन हलकी. म्हणजे आमच्या रानाचे सगळे दोष त्येला मानवले! अजनाळ्याला जाऊन बघा, डाळिंबावर बांधलेले बंगले.

२८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्यातनं, पश्चिम बंगालला शालिमारपर्यंत. जिथनं माणसं ऊस तोडाय जायची, तिथनं फळांची गाडी गेली. आबासाहेब तवा हयात होते.

आता पुन्हा वाईट दिवस आलेत. डाळिंबावर तेल्या आन मर हे रोग, वर खोडाला भोकं पाडणारा किडा. आमची दीड एकर बाग गेल्या साली काढून टाकली. कुऱ्हाड मीच घातली. वडील त्या दिवशी रानात आले न्हाईत.

जिरायती

खिलारी, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडंही निम्म्या बागा गेल्या.

दूरदेशी

मी आता परदेशात असतो, पण १९९५ च्या मतमोजणीची रात्र विसरलेलो नाही. १९२ मतं. एवढ्यावर पडले. आमच्या वाडीतली सात माणसं ऊसतोडीवर होती, मतदानाला आली नाहीत. वडील कित्येक वर्षं ती सात नावं मोजून दाखवायचे.

सावली

पाण्याचं उत्तर पटलं, विशेषतः पाटकरींचं. वडिलांना वाचून दाखवते.

दुसरा प्रश्न. २०१९ ला ते थांबले आणि उमेदवारी नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना मिळाली. ७६८ मतांनी पडले, परत शहाजीबापूंकडूनच. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, २५ हजारांहून जास्त मतांनी आले. शेतकरी-कामगारांचा म्हणवणारा पक्ष, कार्यकर्त्यांच्या जोरावर साठ वर्षं उभा, आणि वारसा शेवटी घरातच? एखादा कार्यकर्ता का नाही?

पेणकर

सावली, हा प्रश्न आमच्या रायगडलाही तितकाच लागू आहे. माझ्याकडे समर्थन नाही. २०२४ च्या विधानसभेत शेकापचा आमदार एकच, आणि तो सांगोल्याचा. एवढ्या आटलेल्या पक्षात लोक आडनावाला धरून राहतात. पण कार्यकर्त्यांची दुसरी फळी तयार झाली नाही हे अपयशच आहे, आणि ते आबासाहेबांच्याही पदरात टाकावं लागेल. आमच्या नेत्यांच्या पदरात तर जास्तच.

माणगंगा

मलाही हे खुपतं. नातू शिकलेले आहेत, निवडून आलेत, लोकांनी मतं दिलीत, हे सगळं खरं. तरीही गिरणीत, पाणी परिषदेत, गावोगावच्या बैठकांत जी माणसं तयार झाली होती, त्यांच्यातून कुणी उभं राहिलेलं मला बघायचं होतं. आबासाहेबांवर माझं फार प्रेम आहे, म्हणून हे लपवणार नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा व्यासपीठावर शरद पवारही होते आणि देवेंद्र फडणवीसही. वडिलांना तो कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. ते म्हणाले, पुतळा चांगला झालाय, पण कालव्याला पाणी कधी सुटणार ते कुणी बोललं का?

भाच्याने पान नव्याने लिहायला घेतलंय. १९७४ ची पोटनिवडणूक त्याने लाल शाईने लिहिलीय. एसटी आता शेवटच्या ओळीत गेली. खिलारींच्या गिरणीवर एक परिच्छेद आहे. तुमच्या वडिलांच्या सायकलीचा उल्लेख चालेल का, तेवढं कळवा. आणि पाटकरी, त्याला टेंभूचा नकाशा हाताने काढायचाय. रेघ कशी न्यायची?

खिलारी

चालंल की. सायकल अजून हाय घरात. फोटो काढून देतो.

पाटकरी

नुसता नकाशा काढला तर पाणी सरळ चाललंय असं वाटेल. त्याला म्हणावं खाली उभा छेदही काढ: डावीकडे कराडजवळ कृष्णा, मग प्रत्येक पंपगृहाला एक पायरी वर, आणि उजवीकडे ओळीने कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोला. काढून झालं की इथे टाका, मी तपासून देतो.